तुलौ : स्थान, रक्तपुरवठा आणि कार्य

प्रत्येक माणसाला एक शरीर असतं आणि ते बहुतेक वेळा त्याच्या घरीच असतं, ही साधी गोष्ट महामारी येईपर्यंत वैद्यकीय शिक्षणाच्या कुणाही धुरीणाच्या लक्षात आलेली नव्हती. तोवर आमच्या बेटांच्या देशात, राजधानी सुवाच्या परिचर्या महाविद्यालयात शरीररचना आणि शरीरक्रिया हे विषय शिकवायला आम्ही हाडांचा एक सांगाडा, प्लास्टिकची एक अर्धी बाई (आतडी सुटी निघणारी, पित्ताशय आधीच्या एका तुकडीने आठवण म्हणून नेलेलं) आणि भिंतीवरचे तक्ते वापरत होतो. मग साथ आली, सुवाच्या वेशीवर पोलीस उभे राहिले, प्रयोगशाळेला कुलूप लागलं आणि सांगाडा आतच राहिला. साथीचे सगळे नियम शेवटपर्यंत पाळणारा तो आमच्या संस्थेतला एकमेव सदस्य. न कुणाला भेटला, न कुठे गेला, न स्वतःच्या तोंडाला हात लावला.

विद्यार्थिनी मात्र शेवटच्या बोटी पकडून आपापल्या बेटांवर पोचल्या होत्या. (एकूण चौसष्ट. त्यांत चार मुलगेही होते, पण परिपत्रकांच्या सोयीसाठी त्यांनाही विद्यार्थिनीच धरण्यात आलं, आणि त्यांची काही तक्रार आली नाही.) म्हणजे शास्त्र सुवाला आणि शरीरं बेटांवर, अशी परिस्थिती. आमचे प्राचार्य गौंडर यांनी या पेचातून जो मार्ग काढला त्याला तोड नाही. त्यांनी 'घरगुती देह योजना' जाहीर केली.

योजना सोपी होती. प्रत्येक विद्यार्थिनीने घरातला एक देह निवडून महाविद्यालयाकडे नोंदवायचा. देह सज्ञान असावा, जिवंत असावा, आणि शक्यतो हलू नये. पायाच्या बोटांपासून सुरुवात करून त्या देहावर हाडं, स्नायू, नाड्या हाताने शोधायच्या, फोनच्या कॅमेऱ्यापुढे दाखवायच्या आणि एकेक प्रकरण चढत वर जायचं. एकूण प्रकरणं सात. नोंदलेल्या देहांपैकी निम्म्या आज्या होत्या. त्यांच्या खालोखाल यांगोना हे मुळ्यांचं गुंगी आणणारं पेय पिऊन दुपारी आडवे झालेले काका होते. ('हलू नये' ही अट याच गटाने सर्वांत निष्ठेने पाळली.) एक डुक्कर नोंदवण्यात आलं होतं, ते संमतिपत्रावर सही नसल्याने परत करण्यात आलं.

शरीरक्रियेचा शिक्षक मी होतो, आणि या योजनेतून माझ्या विषयात जी भर पडली ती जागतिक दर्जाची आहे, असं माझं नम्र मत आहे. आमच्या पाहणीत देशातल्या चाळीस टक्के प्रौढांना ओठ आणि जीभ यांत काहीच संवेदना नसल्याचं सिद्ध झालं. (तपासणीची वेळ यांगोनाच्या तिसऱ्या करवंटीनंतरची होती, ही बाब परिशिष्टात आहे.) विश्रांतीच्या अवस्थेतले नाडीचे ठोके मिनिटाला एकशे अडतीस भरले. तेव्हा सेव्हन्स रग्बीचा अंतिम सामना चालू होता, पण सगळे देह बसून होते आणि नियमाप्रमाणे बसणं म्हणजे विश्रांतीच. आरोग्य खात्याने या आकड्यांची दखल घेतली आणि बसण्याविरुद्ध एक भित्तिपत्रक काढलं.

सहा प्रकरणं अशी यशस्वी झाली. घोडं अडलं ते मानेपाशी.

मानेपर्यंत वर्गाची सरासरी अठ्ठ्याहत्तर टक्के. मानेच्या वर शून्य. चौसष्ट विद्यार्थिनींपैकी एकीनेही डोक्याचं प्रात्यक्षिक पाठवलं नव्हतं. प्राचार्यांनी ताबडतोब परिपत्रक काढलं : 'डोकं हाही शरीराचाच भाग मानण्यात यावा.' उत्तर आलं नाही. उत्तर यायचं कसं? आमच्याकडे माणसाच्या डोक्याला कुणी हात लावत नाही. वडीलधाऱ्याच्या तर नाहीच, आणि तो वडीलधारा घराण्याचा मुख्य असेल तर त्याच्या डोक्यावरच्या फळीवरून मिठाची बरणी काढायची तरी आधी 'तुलौ' म्हणायचं, वाकायचं, बरणी काढायची आणि पुन्हा 'तुलौ' म्हणायचं. तुलौ म्हणजे माफ करा, तुमच्या डोक्यापाशी आलो. बसलेल्यांच्या मधून जाताना तुलौ, मागून जाताना तुलौ. बोलायला लागलेलं पोर आईनंतर हाच शब्द शिकतं, आणि शिकलं नाही तर धपाटा शिकवतो. प्राचार्य गौंडर स्वतः घरी दिवसाला पन्नास वेळा तो शब्द म्हणतात. पण परिपत्रक काढताना माणूस घरी नसतो.

इथे वासेमाथा येते. (नावातच माथा, हा निव्वळ योगायोग.) लोमाइविती बेटसमूहातल्या एका बेटावर वाइतोंगा नावाचं गाव आहे, ती तिथली. गावातलं आरोग्य केंद्र बंद होतं, कारण तिथली परिचारिका ऑस्ट्रेलियातल्या एका वृद्धाश्रमात गेली होती. केंद्रातल्या कपाटाला कुलूप होतं, आणि नियमाप्रमाणे ते उत्तीर्ण परिचारिकेनेच उघडायचं. आत मलमपट्टीचं सामान अत्यंत व्यवस्थित राहिलं होतं, कारण कुणीच ते वापरू शकत नव्हतं. खात्याचं म्हणणं स्पष्ट होतं : वासेमाथा पास झाली तर नेमणूक तिची आणि केंद्र उघडणार, नाही झाली तर केंद्र शेजारच्या बेटात 'विलीन' होणार. मधल्या समुद्राचं काय, यावर खातं विचार करत होतं.

आणि कपाटाची सर्वांत जास्त गरज तिच्याच घरात होती. तिचे आजोबा रातू इनोके, गावाच्या मुख्य घराण्याचे मुख्य ('रातू' हा त्या मानाचाच किताब), यांना साखरेचा आजार. उजव्या पायाच्या अंगठ्याला जखम झालेली, भरत नव्हती. सुवाच्या इस्पितळात साथीशिवाय दुसऱ्या कशाला जागा नव्हती. वासेमाथा रोज मिठाच्या कोमट पाण्याने जखम धुवायची, कमरेला गुंडाळायच्या जुन्या सुलूच्या उकळलेल्या चिंध्या बांधायची आणि त्या निमित्ताने पायाची सव्वीस हाडं पाठ करायची. योजनेखाली तिने नोंदवलेला देह अर्थात रातूंचाच होता. घरात तेवढाच होता. पायापासून मानेपर्यंत तिला पैकीच्या पैकी गुण होते.

सातव्या प्रकरणासाठी तिने काय केलं ते तिने मला फोनवर सांगितलं. यांगोनाच्या मुळ्यांची जुडी बांधली, चटईवर आजोबांपुढे ठेवली आणि मान खाली घालून बसली.

"हे काय?" रातू म्हणाले.

"आजोबा, एक मागणं आहे."

"लग्नाचं का? मुलगा कुठला?"

"मुलगा नाही हो. डोकं पाहिजे."

"कुणाचं?"

"तुमचं."

दारात सैनिमिली बसली होती, रातूंची मामेबहीण. आमच्यात मामेबहिणीला टर उडवायची मुभा असते. दुसऱ्या कुणी उडवली तर गावची बैठक बसते. ती म्हणाली, "घे गं बाई, घे. लहानपणापासून मी शोधतेय. तुला सापडलं तर मलाही दाखव."

"तू गप्प बस. तुझा जावई बोलवायला आलाय बघ," रातू म्हणाले. "आणि तू ऐक. या डोक्याला केस कापणाऱ्याशिवाय कुणाचा हात लागलेला नाही. तुझी आजी इतकी वर्षं नांदली, तिचाही नाही."

"तो केस कापणारा कुठाय?"

"सुवाला अडकलाय. दिसत नाही का?"

दिसत होतं. रातूंचे केस कापण्याचा मान एकाच घराला, आणि त्या घराचा पुरुष वेशीच्या आत. रातूंचं डोकं तेव्हा वादळ येऊन गेलेल्या नारळाच्या झाडासारखं होतं.

"नापास झालीस तर काय होईल?"

"केंद्र जाईल. कपाट बंदच राहील. आणि हा अंगठा..."

"मग अंगठ्याला लाव की हात. पायाला कोण नको म्हणतंय? पाय काय, सगळ्यांनाच असतात."

"पाय झाला, आजोबा. पोटरी झाली, पोट झालं, मान झाली. आता डोकंच राहिलंय."

"म्हणजे सरकारला माझा अंगठा वाचवायचा, तर आधी माझ्या डोक्याला हात लावायचा?"

"हो."

"सरकारचं शरीरशास्त्र उलटं दिसतंय," रातू म्हणाले आणि त्यांनी जुडीला हात लावला, म्हणजे मागणं मान्य. "लाव. पण गावादेखत लाव. लपूनछपून लावला असं कुणी म्हणायला नको. आणि दर वेळी तोंडाने म्हणत जा."

ही बातमी बेटाबेटांत कशी पसरली ठाऊक नाही, पण रातू इनोकेंनी डोकं दिलं म्हटल्यावर बाकीच्या आज्यांना आणि काकांना नाही म्हणायची सोय राहिली नाही. परीक्षा ठरली.

परीक्षा निःपक्षपाती व्हावी म्हणून परीक्षक बाहेरचा नेमला होता : ऑस्ट्रेलियातल्या होबार्टच्या डॉ. लॉर्ना पिकरिंग. शास्त्र नेहमी थंड हवेत शुद्ध राहतं. वाइतोंगात फोनला जोडणी मिळते ती एकाच जागी, देवळाजवळच्या बांधावर, नीरफणसाखाली. तिथे खोडाला सुलूच्या पट्टीने फोन बांधला. रातू चटईवर बसले. मागे वासेमाथा, आणि भोवती आख्खं गाव, कारण गावादेखत म्हणजे गावादेखत. पिकरिंगबाई एकेक भाग सांगायच्या. वासेमाथा म्हणायची 'तुलौ', वाकायची, बोटं टेकवायची, नाव सांगायची, कार्य सांगायची. रातू हुंकार द्यायचे. आणि घराण्याच्या मुख्याने एवढा मोठा मान दिला म्हणून गाव दर वेळी पोकळ तळव्यांनी तीन टाळ्या वाजवायचं.

तिला नव्वदच्या वर गुण मिळाले. त्या खुशीत गावाने कढईभर मासे नारळाच्या दुधात शिजवले. आठवड्याभरात होबार्टहून पत्र आलं.

पत्राचा सूर सौम्य होता. डॉ. पिकरिंग यांना विद्यार्थिनींची तयारी उत्तम वाटली. अडचण एवढीच होती की प्रत्येक बरोबर उत्तराच्या आधी उमेदवाराने एक सांकेतिक शब्द उच्चारल्याचं आढळलं. शब्द सगळ्या बेटांवर एकच. काही ठिकाणी त्यानंतर टाळ्यांचीही खूण. त्यांनी मोजदाद जोडली होती : शब्द एक हजार एकशे बारा वेळा. जे दोन उमेदवार तो शब्द म्हणाले नाहीत, ते दोघेही नापास. (हे दोघे मुलगे होते, त्यांनी अभ्यासच केला नव्हता आणि देह म्हणून काकाही आणला नव्हता, उशीपुढे बसले होते. उशीला कोण तुलौ म्हणतं?) शब्द आणि गुण यांचा इतका दाट संबंध त्यांनी संपूर्ण कारकिर्दीत पाहिला नव्हता. सबब, निकाल रद्द करून फेरपरीक्षा घेण्यात यावी, आणि 'तुलौ' म्हणजे काय याचा खुलासा व्हावा.

प्राचार्यांचा मला फोन आला. "मास्तर, काय लिहायचं हो हिला?"

"खरं ते लिहा. तुलौ म्हणजे माफ करा."

"माफ करा?" प्राचार्य ओरडले. "संस्थेच्या कागदावर? मास्तर, तुम्ही शिकलेले आहात. आपल्या पोरी एक हजार एकशे बारा वेळा माफी मागत होत्या, असं मी लिहून देऊ? ती लगेच विचारेल, गुन्हा काय केला होता!"

"मग रीत आहे म्हणून लिहा."

"रीत म्हटलं की ती म्हणेल, अभ्यासक्रमात कुठाय? दाखवा."

"मुलींना तरी विचारा, त्या काय सांगतात."

"प्रकरण त्यांच्यावरच चालू आहे. त्यांना विचारलं तर गोपनीयता कुठे राहिली?"

हे बिनतोड होतं. शेवटी प्राचार्यांनी त्यांच्या एकवीस वर्षांच्या प्रशासकीय अनुभवाचं सार असलेलं एक वाक्य लिहिलं : 'तुलौ ही डोक्याशी संबंधित एक स्थानिक बाब आहे.' या वाक्यात खोटं काहीच नाही. खरंही काही नाही. असं वाक्य लिहायला माणसाला निदान प्राचार्य व्हावं लागतं.

होबार्टहून उलट टपाली जे उत्तर आलं, त्यात आनंद मावत नव्हता. बाई लिहीत होत्या : 'स्थानिक शरीररचनेतल्या या भेदाची मला कल्पना नव्हती, हे प्रांजळपणे कबूल करते. आमच्या ग्रंथांत त्याचा उल्लेख नाही. कृपया तुलौचं स्थान, रक्तपुरवठा आणि कार्य कळवावं. फेरपरीक्षेत मी त्यावर दहा गुणांचा प्रश्न घालू इच्छिते.'

इथवर आल्यावर मागे फिरणं म्हणजे संस्थेची बदनामी. म्हणून 'तुलौ स्थाननिश्चिती उपसमिती' नेमण्यात आली. सदस्य पाच, मी त्यातला एक. पाचही जणांना तुलौचा अर्थ पाळण्यापासून ठाऊक होता. पण अर्थ शोधणं उपसमितीच्या कार्यकक्षेत नव्हतं. स्थान शोधणं होतं. आम्ही ते शोधलं. अहवाल आजही वाचण्यासारखा आहे; त्यातले काही निष्कर्ष मी अभिमानाने देतो.

तुलौ हा अवयव कानाच्या तीन बोटं वर, दोन्ही बाजूंना असतो. जन्मतः नसतो, तिसऱ्या वर्षाच्या सुमारास, बहुधा आघातानंतर, प्रकट होतो. त्याला जाणारी मुख्य नस जिभेतून येते. दुसऱ्याचा हात जवळ आला की तो जागा होतो, एरवी निपचित असतो. वयाबरोबर वाढतो. सरकारी नोकरीत प्रत्येक बढतीनंतर थोडा थोडा आक्रसतो आणि खातेप्रमुखाच्या पातळीला केवळ वण उरतो. बाहेरून आलेल्या सल्लागारांत तो आढळला नाही, पण त्यांतल्या कुणाला तो नसल्याने त्रास होत असल्याचंही दिसलं नाही. रक्तपुरवठा : पुरेसा.

प्रौढाच्या शरीरात हाडं दोनशे सहा. तुलौ हाड नाही, पण मोजणीला सोपं जावं म्हणून त्याला दोनशे सातवा क्रमांक देण्यात आला.

आता फेरपरीक्षा. नियम दुरुस्त झाले होते. 'तुलौ' हा शब्द प्रश्नपत्रिकेतला असल्यामुळे परीक्षेच्या वेळी उमेदवाराने तो उच्चारणं म्हणजे उत्तर फोडणं. जो भाग दाखवताना तो उच्चारला जाईल त्या भागाला शून्य. प्रेक्षकांनी देवळापलीकडे उभं राहावं. टाळ्या बंद. देहाने हुंकार देऊ नये.

वाइतोंगाच्या बांधावर पुन्हा चटई पसरली गेली. अंगठ्याची जखम एव्हाना शेजारच्या बोटाकडे निघाली होती, आणि वासेमाथाला ते सगळ्यांच्या आधी कळलं होतं, कारण पायाला तिला पैकीच्या पैकी होते. तिला काय करायचं ते पक्कं ठाऊक होतं. तोंड मिटून सात वेळा हात लावायचा, मग कानाच्या वर तीन बोटं मोजून दाखवायची. संपलं. केंद्र उघडलं, कपाट उघडलं. बाकीच्या त्रेसष्ट जणी हेच करणार होत्या. आदल्या दिवशी तिने स्वतःच्या तोंडावर हात ठेवून सरावही केला होता.

"वासेमाथा, कानशिलावरची नाडी," डॉ. पिकरिंग फोनमधून म्हणाल्या. होबार्टला हिवाळा होता. बाईंनी घरातच कोट घातला होता.

वासेमाथाचा हात वर गेला आणि थांबला.

रातू वाट बघत बसले. मग मान न वळवता म्हणाले, "काय गं, दातखीळ बसली का?"

"आजोबा, म्हणायचं नाही असं परिपत्रक आहे."

"म्हणायचं नाही? मग लावायचा कसा?"

"तसाच."

"तसाच म्हणजे? बकरा विकत घेताना लावतात तसा?"

देवळापलीकडून सैनिमिलीचा आवाज आला. "बकऱ्याला पण आधी गवत दाखवतात रे!"

"वासेमाथा, काही अडचण आहे का? जोडणी तुटली का?" डॉ. पिकरिंग.

"नाही मॅडम. जोडणी आहे." ती आजोबांच्या पायाकडे बघत होती. चिंधी सकाळीच बदललेली, तरी ओली झालेली. तिने ओठ घट्ट मिटले. हात आणखी थोडा खाली आणला. आता केस बोटांना लागतच होते. "आजोबा, मी नाही म्हटलं तर अंगठा वाचेल."

"आणि म्हटलं तर?"

"तर नापास."

रातूंनी मान थोडी खाली केली, म्हणजे तिला हात उंच करावा लागू नये. एवढंच केलं. ज्या डोक्याला बायकोचा हात लागला नव्हता ते डोकं म्हाताऱ्याने मुकाट वाकवलं. तू लाव, तसाच लाव.

आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "तुलौ."

पहिल्या भागाला शून्य. मग दुसऱ्याला तरी गप्प राहायचं. पण एकदा म्हटल्यावर दुसऱ्यांदा न म्हणता हात लावणं म्हणजे पहिलं मागे घेतल्यासारखं. जबड्याचा सांधा : तुलौ. कानामागचं हाड : तुलौ. सात भाग, सात वेळा. गाव टाळ्या वाजवत नव्हतं, नियम होता.

शेवटी डॉ. पिकरिंग हळुवारपणे म्हणाल्या (बाई स्वभावाने फार चांगल्या आहेत, हे मी मुद्दाम नोंदवतो), "बरं, हे दहा गुण तरी घे. या देहावर तुलौ कुठे आहे, तेवढं दाखव."

"त्यांच्यावर नाही, मॅडम."

"मग?"

"आत्ता सात वेळा म्हटला ना, तोच. तो म्हणायचा असतो."

पिकरिंगबाईंनी अहवाल चाळला. "असं इथे कुठे लिहिलेलं नाही, वासेमाथा."

"काय विचारते ती?" रातूंनी विचारलं. तिने सांगितलं. रातूंना जे हसू फुटलं ते थांबेना. ते देवळापलीकडे पोचलं, आणि सैनिमिली हसता हसता बांधावर बसली. फोनमधून पिकरिंगबाईही थोड्या हसल्या. सगळे हसत असले की त्या हसतात. फक्त वासेमाथा हसत नव्हती. ती चिंधी सोडून पुन्हा बांधत होती.

निकालाच्या शेऱ्यात लिहिलं होतं : 'उमेदवाराला अवयवाचं नाव सात वेळा उच्चारता आलं, अवयव एकदाही दाखवता आला नाही. अनुत्तीर्ण.'

बाकीच्या त्रेसष्ट उत्तीर्ण. कुणी चकार शब्द न काढता हात लावला आणि कानाच्या वर तीन बोटं बिनचूक मोजली. कंदावू बेटावरच्या एका विद्यार्थिनीने तुलौ इतका जोरात दाबला की तिच्या काकांना शिंक आली, आणि 'कार्य' या मथळ्याखाली तीही नोंद झाली. उशीपुढे बसणारे दोघे या वेळी विशेष प्रावीण्यात आले. निकाल अठ्ठ्याण्णव टक्क्यांच्या वर लागला. महामारीच्या काळात दर्जा घसरल्याची ओरड करणाऱ्यांना प्राचार्यांनी हा आकडा चौकटीत घालून दाखवला.

पुढचं सगळं ओघाने आलं. जगात तुलौचं शास्त्रशुद्ध शिक्षण घेतलेल्या त्रेसष्टच परिचारिका आहेत, हे डॉ. पिकरिंग यांनी चांगल्या भावनेने चार ठिकाणी सांगितलं. सीमा उघडल्याबरोबर क्वीन्सलँड आणि टास्मानियाच्या वृद्धाश्रमांनी सगळ्यांना उचललं. विमानतळावर हार झाले, गाणी झाली, प्राचार्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. उत्तीर्णांपैकी देशात एकही शिल्लक राहिली नाही.

त्यामुळे वाइतोंगाच्या केंद्राचा प्रश्न नव्याने उभा राहिला. केंद्र विलीन करायचं तर शेजारच्या बेटावरचीही परिचारिका गेलेली. रिकामं रिकाम्यात विलीन होत नाही, असं कायदा खात्याने कळवलं. शेवटी आदेश निघाला : उत्तीर्ण उमेदवार उपलब्ध नसल्याने अनुत्तीर्ण उमेदवारास, ती उत्तीर्ण होईपर्यंत, 'हंगामी परिचारिका (अपात्र)' या पदावर नेमण्यात येत आहे; सेवेत असेपर्यंत तिला परीक्षेला बसता येणार नाही. असा आदेश लिहायला प्रतिभा लागते.

वासेमाथाने कपाट उघडलं. सामान शिस्तीत रचलेलं होतं आणि निम्म्याची मुदत संपलेली होती. रातू इनोकेंचा अंगठा वाचला. त्याच्या शेजारचं बोट मात्र दुसरी परीक्षा आणि हा आदेश यांच्या मधल्या काळात गेलं, पण कुठल्याच परिपत्रकात त्या बोटाचा उल्लेख नसल्यामुळे ते कुणाच्या नावावर टाकता आलं नाही. रातूंचे केस आता कापलेले आहेत. केंद्रावर शेजारच्या बेटांवरूनही लोक होड्या करून येतात. अपात्र परिचारिकेकडे इतकी गर्दी का, याचा अभ्यास करायला एक उपसमिती नेमायचं चाललं आहे. माझं नाव सुचवलं गेलं आहे.

आता तुमच्यासारखा सुजाण वाचक विचारेल, की मास्तर, हे दूरच्या बेटावरचं. आम्हाला याची काय काळजी? अगदी खरं. तुम्ही काळजी करूच नका. अनुत्तीर्ण अशी एकच होती आणि तिला आम्ही समुद्रात दूर ठेवली आहे. बाकीच्या सगळ्या उत्तीर्ण आहेत, त्यांच्यासारख्या आणखी पुष्कळ दर वर्षी उत्तीर्ण होतात, आणि जगात सगळीकडे आहेत. एक दिवस तुम्ही आजारी पडाल, पाठीवर निजलेले असाल, आणि एक हात तुमच्या डोक्याकडे येईल. तो पूर्ण प्रशिक्षित असेल. तुम्हाला काहीही विचारण्यात येणार नाही.